आठ डोळे आणि राहनाळची हळद

भिवंडीला जाऊन आले म्हटलं की आमच्या मिरजेतली माणसं आधी 'कशाला?' विचारतात आणि मग 'ट्रॅफिक लागलं का?' विचारतात. तिथं बघण्यासारखं काय आहे, हे कुणी विचारत नाही. मीही कामासाठीच गेले होते आणि गोदामं बघून परत येणार होते. पण तिथं मी एक हळद बघितली, आणि ती बघेपर्यंत दिवसभर माझा जीव टांगणीला लागला होता.

काम काय ते आधी सांगते. रसायनांच्या कारखान्यात चार-चार मजली उंच पोलादी नळकांडी असतात. आत थरावर थर असतात, त्यांतून द्रव उकळत खालीवर होत असतो. एखादा थर तुंबला की माल बिघडतो, पण नेमकं कुठं तुंबलंय ते उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि उघडायचं म्हणजे कारखाना बंद. अशा वेळी आम्हाला बोलावतात. नळकांड्याच्या एका अंगाला गामा किरणांचा छोटासा स्रोत ठेवायचा, दुसऱ्या अंगाला डिटेक्टरांचं कोंडाळं बसवायचं आणि दोन्ही हळूहळू फिरवत मोजत जायचं. जिथं आत गच्च भरलंय तिथून किरण कमी येतात, पोकळीतून जास्त. सगळे आकडे जुळवले की आतला आडवा काप संगणकावर उमटतो. डॉक्टर माणसाचा सीटी स्कॅन काढतात, आम्ही कारखान्याचा काढतो.

किरणांचा स्रोत आमच्याकडं असा कुणाच्याही गाडीतून येत नाही. त्याची परवान्याची गाडी वेगळी, सोबतचा माणूस वेगळा, आणि ती दुसऱ्या दिवशी थेट कारखान्यात पोचणार होती. आठ डिटेक्टरांची पेटी मात्र ट्रान्सपोर्टने भिवंडीजवळच्या राहनाळच्या एका गोदामात येऊन पडली होती. ती ताब्यात घ्यायची आणि प्रवासात डिटेक्टरांना धक्का लागला नाही ना, हे तिथंच तपासायचं, एवढंच माझं काम. त्या पेटीत किरणोत्सारी काही नसतं. कॅमेऱ्याच्या पेटीत ऊन नसतं, तसंच. हे वाक्य मी आजवर इतक्या हमालांना, वॉचमनना आणि ड्रायव्हरना ऐकवलंय की झोपेत विचारलं तरी म्हणेन.

आणि माझा स्वभाव? घरचे म्हणतात, साप साप म्हणून भुई धोपटणारा. गॅस बंद केलाय का हे बघायला मी स्टँडवरून माघारी आलेली बाई आहे.

राहनाळ, दुपारी

राहनाळ हे गाव आहे की गोदामांचा बाजार, हे रिक्षातून उतरल्यावर पाच मिनिटं कळत नाही. पत्र्याच्या निळ्या शेडी, त्यांच्या तोंडाशी पाठ लावून उभे कंटेनर, आणि दोन शेडींच्या मधे अचानक हातरुमालाएवढं भाताचं खाचर, त्यात एक बगळा. वाऱ्याबरोबर खाडीचा वास येत होता. आमच्याकडं जमीन विकली की माणूस गाव सोडतो. इथं शेत गोदाम झालं तरी मालक त्याच्या शेजारीच राहतो, पूर्वी बांधावर बसायचा तसा आता शटरजवळ खुर्ची टाकून बसतो.

माझी पेटी होती त्या गोदामाचे मालक म्हणजे बाळाराम काका. त्यांचं दुमजली घर गोदामाला अगदी लागून आणि घरापुढे मांडव घालणं चाललं होतं. धाकटी मुलगी प्रणाली हिची त्या संध्याकाळी हळद होती. काका नव्हते. उरलेल्या पत्रिका वाटायला सकाळीच ठाण्याला गेलेत, असं काकींनी सांगितलं. काकींच्या दोन्ही कोपरांपर्यंत पीठ होतं, तरी माझ्या हातात पाण्याचा तांब्या त्यांनीच दिला.

गोदामात हमालांचे मुकादम इस्माईलभाई होते. मूळचे आझमगढचे, पण इथं इतकी वर्षं काढलेले की मालकाशी मराठी, हमालांशी हिंदी आणि फोनवर तिसरीच बोली. त्यांनी पेटी माझ्यासमोर फुलासारखी उतरवून दिली. मी कापडाच्या गाठींच्या आडोशाला टेबल लावलं, डिटेक्टर जोडले आणि संगणक सुरू केला.

रिकाम्या जागेतही डिटेक्टर अगदी गप्प नसतो. माती, भिंती, आपण खातो ते अन्न, आपण स्वतः, सगळ्यांतच निसर्गाने चिमूटभर किरण घातलेत. त्यामुळे शांत आकडा किती असावा ते ठरलेलं असतं. आठही डिटेक्टरांनी तोच शांत आकडा दाखवला. मी इस्माईलभाईंना म्हटलं, "सगळं ठीक आहे."

हे वाक्य मी कधीच लवकर बोलू नये.

थोड्याच वेळात बाळाराम काका स्वतः डबा घेऊन आले. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, चालताना जरा थांबत थांबत. घरात लग्न असताना मालकानं स्वतः डबा आणावा, याचा मला संकोच वाटला.

"आमचे जाग्यावर कोन कामाला आला, तर त्याला मालकानंच वाराचा," काका म्हणाले, इथल्या बोलीत ड-ढचा र आणि ळचा ल करत. "जेव बाय. तांदलाची भाकर हाय, जवला हाय. हलदीला थांबल्याबिगर जावाचा नाय."

भाकरीचा तुकडा मोडला आणि सहज पडद्याकडं पाहिलं, तर आकडा पळत सुटला होता. दुप्पट, तिप्पट नव्हे, कुठच्या कुठं. माझा घास हातातच राहिला.

आता हसू येतं, पण त्या क्षणी मी पहिला संशय घेतला तो डब्यावर. जवळ्यासारख्या सुक्या माशात, केळ्यात, मिठात थोडेफार किरण असतात हे डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून मी इस्माईलभाईंना डबा बाहेर न्यायला लावलं. डबा निघाला तसे काकाही "काय झाला, कच्ची हाय का भाकर?" करत त्याच्यामागे गेले, आणि आकडा उतरला.

"मॅडम, ये मशीन शाकाहारी है क्या?" इस्माईलभाईंनी दारातून विचारलं. हमाल खो खो हसले. मी हसले नाही, कारण काका माझ्यासाठी ताक घेऊन परत येत होते, डबा बाहेरच होता आणि आकडा पुन्हा चढत होता.

म्हणजे दोष डब्याचा नव्हता. शेजारी टाइल्सचे खोके होते आणि टाइल्समध्येही थोडे किरण असतात, पण त्या जागच्या जागी असतात, येत-जात नाहीत. भंगारातून कुठून तरी एखादा हरवलेला स्रोत इथं आला असेल तर? मग मला कार्यालयाला फोन करावा लागणार, ते सरकारी माणसांना कळवणार, गोदाम रिकामं होणार, दोरी बांधली जाणार, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला हळदीचा मांडव. बाहेर लाऊडस्पीकरवर 'हॅलो, हॅलो, माइक चेक' चाललं होतं. मी फोन हातात घेतला, कार्यालयाचा नंबर काढला आणि अंगठा तसाच धरून बसले.

फोनआधी एकच गोष्ट करायची ठरवली. डिटेक्टर नुसतं मोजत नाही, किरण कोणत्या जातीचा आहे तेही सांगतो. प्रत्येक किरणोत्सारी पदार्थाचा आपला एक सूर असतो, पडद्यावर तो टोकदार डोंगरासारखा दिसतो. डोंगर उमटला तो नेमका एका जागी, आणि तो मी ओळखला. कारखान्यात, भंगारात सापडणारं ते काही नव्हतं. ते होतं दवाखान्यातलं. हृदयाची तपासणी करताना शिरेतून टोचतात ते औषध.

मी आठही डिटेक्टर टेबलावर गोलात मांडले. काका फोनवर कुणाला तरी मांडवाच्या खुर्च्यांवरून झापत गोदामात येरझारा घालत होते. ते डावीकडं गेले की डावे आकडे चढत, उजवीकडं गेले की उजवे. सूर्यफुलं फिरावीत तसे माझे आठ डोळे त्या माणसामागे फिरत होते.

आणि मी काय करावं? सगळ्या हमालांसमोर मोठ्यांदा विचारलं, "काका, आज दवाखान्यात गेला होतात का?"

काका थबकले. "मी? कुटला दवाखाना? ठान्याला पत्रिका वाटाला गेलतो मी." मग इस्माईलभाईंकडं न बघता म्हणाले, "चल बाय, तुला वजनकाटा दाखवतो. पावन्यांना लय आवरतो."

काट्याची केबिन

ट्रकचं वजन करायच्या काट्याशेजारी एक काचेची केबिन असते. आत एक पंखा, एक गणपतीचा फोटो आणि दोन खुर्च्या. काकांनी दार लावलं आणि शर्टाची बाही वर केली. कोपराच्या खळीत कापसाचा बोळा चिकटपट्टीखाली तसाच होता.

"तुझे मशीनला कसा कलला?"

मी सांगितलं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. मग त्यांनी सांगितलं, जिना चढताना छातीत दाटतं, महिनाभर झाला. पण लग्नघरात आजाराचं नाव काढायचं नाही, अपशकुन होतो, म्हणून कुणाला बोलले नाहीत. आज मात्र पहाटेपासून छाती भरून आली तेव्हा घाबरले. पोरीची हळद तरी बघायला मिळते का नाही, म्हणून पत्रिकांचं निमित्त करून एकटेच ठाण्याला गेले. तपासणी झाली. लग्नानंतर लगेच दाखल व्हा, नाचू-बिचू नका, दुखलं तर थेट निघून या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"आणि आज कुणापासून लांब राहायचं, ते नाही सांगितलं?"

"सांगला असंल. मी हो हो करून निघालू. मांडववाला फोनवर फोन करीत होता."

मग मीच सांगितलं. हे औषध विष नव्हे, दर सहा तासांनी निम्मं होतं, उद्यापर्यंत उतरतं. फक्त आजचा दिवस लहान पोरांना मांडीवर घेऊ नका आणि गरोदर बाईला खेटून बसू नका.

काकांचा चेहरा एकदम बदलला. इतका वेळ स्वतःच्या हृदयाबद्दल बोलताना सुद्धा तो तसा झाला नव्हता.

"दीपाली येनार हाय आज," ते म्हणाले.

दीपाली त्यांची थोरली. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. काकांनी दार लावून घेतलं, आणि मग उघडायचं कसं ते त्यांनाच कळेना. शेवटी धाकटीनं हट्ट धरला, ताई आली नाही तर मी पाटावर बसणार नाही. काकांनी फोन केला. फोनवर दोघंही फक्त "हॅलो, हॅलो" करत राहिले म्हणे. आज ती पहिल्यांदा माहेरी येणार होती, आणि तिला सहावा महिना होता.

मी घाईघाईनं म्हटलं, "काका, घटकाभर जवळ घेतलंत तर काही होत नाही. खरंच सांगते. फक्त शेजारी बसून राहू नका."

"घटकाभर?" काका म्हणाले. "एकदा धरल्याव सोरीन का मी तिला?"

त्यांनी बाही खाली ओढली.

"तिचे पोटान पोर हाय. मना येवरासा पन धोका नको. मी लांबच रव्हनार. आनि तू कोनाला काय बोलाचा नाय. शप्पथ घे."

मी शप्पथ घेतली. घेताच मला कळलं की चूक झाली. मी अर्धवट शहाण्या माणसासारखी एक नियम सांगून मोकळी झाले होते, आणि आता तोच नियम दोन वर्षांनी येणाऱ्या लेकीच्या आणि बापाच्या मधे उभा राहणार होता.

मांडवात

कारखान्यातलं काम दुसऱ्या दिवशी नीट झालं, हे इथंच सांगून टाकते, नाही तर माझ्यासारख्या स्वभावाच्या वाचकाचं अर्धं लक्ष तिकडं राहील. डिटेक्टर धडधाकट होते आणि तुंबलेला थरही सापडला.

आमच्याकडं हळद म्हणजे सकाळी घरातल्या बायका, एक पाट आणि चार गाणी. राहनाळला हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं लग्न. संध्याकाळ व्हायच्या आत अख्खं गाव मांडवात. एकीकडं बँडवाले, दुसरीकडं मटणाची पातेली आणि काकींच्या हाताखाली वड्यांचे डोंगर. मधोमध पाटावर प्रणाली, आणि तिच्याजवळ धवलारीण. ही म्हणजे लग्नाचे धवले गाऊन विधी करणारी म्हातारी बाई, तिच्या शब्दाशिवाय इथं काही हलत नाही. तिचा आवाज बँडच्या वर पोचत होता आणि माइक तिला कुणी दिला नव्हता. मला एका वाटीत वडे आणि रस्सा मिळाला. चव फार चांगली असावी. माझं लक्ष फाटकाकडं होतं.

काका मांडवाच्या एका खांबाशी उभे होते. नाचायला ओढायला येणाऱ्यांना "गुडघा दुखतोय" सांगत होते. मी मनात पुटपुटत होते, आज ट्रॅफिक लागू दे, दीपाली उशिरा येऊ दे. भिवंडीच्या ट्रॅफिकसाठी देवाची प्रार्थना करणारी मी पहिलीच असेन.

ती वेळेवर आली. हिरवी साडी, पुढे आलेलं पोट, मागं थोडा बिचकत आलेला नवरा. काकी धावल्या, दोघी गळ्यात पडल्या. मग दीपालीनं डोळे पुसले आणि मांडवभर नजर फिरवून खांबाशी उभ्या बापाकडं निघाली.

काका एक पाऊल मागं सरले.

तिला आधी कळलं नाही. ती आणखी पुढे गेली. काका खांबाला वळसा घालून पलीकडं गेले. ती तिकडून आली, ते खुर्च्यांच्या रांगेमागं सरकले. बघणाऱ्या दोन-तीन बायका आधी हसल्या, मग त्यांचं हसू विरलं. काकांचे हात नुसतेच पुढे यायचे आणि परत मागं जायचे.

"बाबा," दीपाली म्हणाली, "अजून राग हाय?"

काकांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"लोकांसाठी बोलावलंत का मला? प्रणालीनं हट्ट केला म्हणून?" तिचा आवाज चिरकला. "मग तसं सांगायचं ना. मी आलेच नसते."

ती वळली आणि फाटकाकडं चालू लागली. तिचा नवरा खुर्चीवर ठेवलेली पिशवी उचलायला धावला. मी उठून उभी राहिले. शप्पथ गेली खड्ड्यात, असं मी मनात म्हटलंसुद्धा, आणि खुर्च्यांमधून वाट काढू लागले. 

"दीपाली!" काका ओरडले. इतक्या जोरात की बँडवाल्याचा हात थांबला. "थांब गो माझी बाय! राग कसला? माझे छातीन दुखना हाय. आज ठान्याला दवाखान्यान गेलतो. छातीचा फोटू काराला अंगान औषध टाकलाय, किरनांचा. तुझे पोरासाठी लांब उबा हाय मी. उंद्या जवल घेतो. उंद्या! इचार त्या मशीनवाल्या बायला!"

आणि सगळ्या मांडवानं माझ्याकडं पाहिलं.

मी पुढे झाले. सगळं सांगितलं. काका खरं बोलताहेत. घाबरण्यासारखं काही नाही, कुणालाही नाही. उद्या सकाळी हवं तितका वेळ जवळ बसा. आणि आज काकांनी नाचायचं नाही, हेही सांगितलं, कारण ते कुणीतरी सांगायलाच हवं होतं. काकी वड्यांच्या पातेल्याजवळ तशाच उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मांडवात कुणी अपशकुनाचं नाव काढतं का, याची मी धास्तीनं वाट पाहत होते.

दीपाली फाटकापासून परत आली. काकांपासून दोन खाटांच्या अंतरावर थांबली आणि खाली सतरंजीवर बसली. "इतकं अंतर चालतं का, ताई?" तिनं मला विचारलं. माझ्या पर्समध्ये पेनाएवढं मोजणीयंत्र असतं. त्याची गरज नव्हती, तरी मी ते काढून बघितलं, कारण सगळ्यांना ते बघायचं होतं. "चालतं," म्हटलं. मग प्रणाली पाटावरून उठून ताईशेजारी येऊन बसली. मग काकी. मग गावच्या बायका, पुरुष, बँडवाले, इस्माईलभाई. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण काकांच्या भोवती माणसांचं मोठं रिंगण झालं आणि मधे ते एकटे, खुर्चीवर. मी रोज नळकांड्याभोवती डिटेक्टर लावते ते असेच, सगळ्यांची तोंडं आत.

"बापाला हलद लावाची राह्यलेय," धवलारीण म्हणाली. तिला अपशकुनाचं काही पडलेलं दिसत नव्हतं, तिचं काम अडलं होतं.

हळद लावायची तर आंब्याच्या पानांनी, आणि लावणारीनं जवळ जायला हवं.  मग इस्माईलभाई उठले आणि मांडवाला टेकून ठेवलेला, वरच्या माळा अडकवायचा लांब बांबू घेऊन आले. प्रणालीनं त्याच्या टोकाला आंब्याचा डहाळा बांधला, हळदीत बुडवला आणि बांबू दीपालीच्या हातात दिला.

तिला दोन्ही हातांनीही तो पेलवत नव्हता. टोक डुलत होतं. हळद पहिल्यांदा काकांच्या कानाला लागली, मग नाकाला, मग पांढऱ्या शर्टावर सांडली. माणसं हसायला लागली. धवलारणीनं गाणं परत उचललं आणि दीपालीच्या नवऱ्यानं मागून येऊन बांबूला हात लावला. जावयाचा हात लागलेला काकांनी पाहिला, पण ते मागं सरले नाहीत.

"हलू नका ना, बाबा," दीपाली रडत रडत ओरडली. "जवळ नाही येत मी. तुम्ही फक्त पळू नका."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.